भिंतीपलीकडची शर्यत

“टीव्ही लावला तर चालेल ना, वहिनी?” चष्मेवाल्याने विचारले आणि विचारून झाल्यावर स्वतःच ओशाळला.

“त्यासाठीच तर बोलावलंय,” ती म्हणाली आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.

दोघेच आले होते. एकाचे कोपऱ्यावर चष्म्याचे दुकान होते, दुसरा अँब्युलन्स चालवायचा. दर रविवारी दुपारी मोटारींच्या शर्यती बघायला हे दोघे नानांकडे जमायचे. नाना गेल्याला दोन महिने होत आले होते आणि तेवढ्या दिवसांत दोघे या जिन्याकडे फिरकले नव्हते. शेवटी तिनेच फोन केला. चष्मेवाला म्हणाला, येतो की, न यायला काय झालं. मुलीला कळले तेव्हा ती चिडली. आई, तू जन्मात कधी शर्यत बघितलीस का, कशाला त्या माणसांना अवघडल्यासारखं करतेस, असे बरेच बोलली. त्यावर तिच्याकडे उत्तर होते, पण ते मुलीला देण्यासारखे नव्हते.

नाना लिफ्ट दुरुस्त करायचे. माणूस नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण घरात बोलायचे म्हणजे जिवावर यायचे. मिठाची गुळणी धरल्यासारखे बसायचे. भाजीत मीठ आहे, डबा भरला का, पंखा बंद कर, एवढ्यावर संसार झाला. तिने तक्रार केली नाही. ती हॉस्पिटलात नर्स. वर्षानुवर्षे रात्रपाळी. रविवारी सकाळी घरी यायची, जेवायची आणि आतल्या खोलीत दार लोटून झोपायची. आणि मग भिंतीपलीकडे ती कुजबुज सुरू व्हायची. एकच आवाज, नानांचा, खालच्या पट्टीत, न थांबता. मधूनच इतर दोघांचे हसणे, तोंडावर हात ठेवून दाबलेले. शब्द कधी कळले नाहीत. आपल्याशी चार वाक्ये न बोलणारा हा माणूस तिथे इतके काय बोलतो, हे तिला आयुष्यभर कोडे होते. आता ते तिला कळायला हवे होते. आणि त्या सगळ्या बोलण्यात आपल्याविषयी कधी एखादा शब्द तरी होता का, तेही. हे दुसरे मात्र तिने स्वतःशीसुद्धा नीट कबूल केले नव्हते.

चहा दोघांपुढे ठेवून ती वळली, तेव्हा चष्मेवाल्याने सवयीने टीव्हीचा आवाज पार बंद केला. तीही सवयीने आत जाऊन पलंगावर आडवी झाली. झाल्यावर तिच्या लक्षात आले की आपण हे काय केले. पण आज दार तिने उघडेच ठेवले होते.

बाहेर कुजबुज सुरू झाली. शर्यत विजेवरच्या गाड्यांची होती आणि चष्मेवाल्याला त्या बिलकूल पसंत नव्हत्या. गाडीने कशी छाती दणाणून सोडायला हवी, हे म्हणजे घरोघरी मिक्सर लावल्यासारखं, असे त्याचे म्हणणे. अँब्युलन्सवाला म्हणाला की तुम्हाला आवाजच ऐकायचा असेल तर पिठाच्या गिरणीत जाऊन बसा, तिकीटही पडणार नाही. पण वाद रंगेना. दोघेही आपापले वाक्य टाकून थांबत होते, कुणीतरी पुढचे टाकेल म्हणून. ते पुढचे येत नव्हते.

मग एकदम “अरे, अरे, अरे” असे दबक्या आवाजात आले, आणि पाठोपाठ शांतता. ती लांबत गेली. इथे नाना बोलले असते, हे तिला पलंगावर पडल्या पडल्या कळले. ती उठून बाहेर आली.

“काय झालं?”

दोघे दचकून उभे राहिले. झोपमोड झाली का वहिनी, असे चष्मेवाला म्हणू लागला, तर तिने त्याला हातानेच बसवले आणि स्वतः नानांच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर मघापासून कुणी बसले नव्हते.

अँब्युलन्सवाल्याने समजावून सांगितले. शर्यतीच्या मध्यात गाडीला थोडा वेळ आत येऊन बॅटरी भरून घ्यावी लागते. ही निळी गाडी सगळ्यांत पुढे होती. आत आली, उभी राहिली, एकाने वायर जोडली. वेळ संपला, गाडी निघणार, तेव्हा दिसले की गाडीत वीज गेलीच नाही. जोडणाऱ्याला वाटले पलीकडच्याने चालू केली, पलीकडच्याला वाटले जोडणाराच करेल.

“म्हणजे आपण रात्रभर मोबाइल लावून ठेवतो आणि सकाळी बघतो तर बटणच दाबलेलं नाही, तसं,” चष्मेवाला म्हणाला.

ती हसली. आपण या खोलीत यांच्यासमोर हसलो, याचे तिलाच नवल वाटले.

“आमचे हे काय बोलायचे हो तुमच्याशी?” तिने विचारले. “एवढं?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग चष्मेवाला सुरू झाला. आधी चाचरत, आणि मग जसजशी नक्कल जमू लागली तसा खुर्चीतून उठून. नाना म्हणजे काय होते वहिनी! जुन्या एका शर्यतीत गाडी चाकं बदलायला आली आणि तीनच चाकं तयार निघाली, चौथं कुणी आणलंच नव्हतं. नाना ते अख्खं करून दाखवायचे. चष्मेवाला म्हणजे गाडी, दिवाणावरच्या उशा म्हणजे चाकं. नाना एकटेच चारही कोपऱ्यांवर धावायचे आणि चौथ्या कोपऱ्यावर रिकामे हात घेऊन उभे राहायचे, देवळात चप्पल हरवलेल्या माणसासारखं तोंड करून. आणि हे सगळं बिनआवाजाचं, पावलं न वाजवता. हसून हसून दोघांची पोटं दुखायची.

उशा. दर रविवारी संध्याकाळी जमिनीवर पडलेल्या, चुरगळलेल्या उशा तिला आठवल्या. लहान मुलं आहात का, असे ती करवादायची. नाना काही न बोलता एकेक उचलायचे, थोपटून जागेवर ठेवायचे.

“माझ्याबद्दल कधी काही?” ती बोलून गेली. आता तोंडातून गेलेले परत घेता येणार नव्हते.

“तुमचं वाक्य तर आम्हाला पाठ आहे,” अँब्युलन्सवाला म्हणाला. “शर्यत संपली की नाना म्हणायचेच. आमच्या हिनं लग्नानंतर एकदाच शर्यत बघितली आणि विचारलं, एवढ्या जिवाच्या आकांतानं पळून शेवटी पोचतात कुठे? निघाले तिथंच ना? नाना म्हणायचे, इतकं खरं या खेळाबद्दल कुणी बोललेलं नाही. नवीन कुणी आला तर आधी त्याला हे ऐकवायचे.”

तिला तो दिवस आठवत होता. तिने विचारले होते, आणि नाना नुसते “हं” म्हणाले होते. आपण त्यांच्या आवडीला नावे ठेवली, ते दुखावले, असे समजून पुन्हा ती या खोलीत शर्यतीच्या वेळी बसली नव्हती.

“मग मला कधी बोलावलं का नाही?”

“तुम्ही झोपलेल्या असायच्या ना, वहिनी. म्हणून तर आवाज बंद.”

“रात्रपाळी सुटून सहा वर्षं झाली माझी,” ती म्हणाली. “मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली.”

पडद्यावर गाड्या वळण घेत होत्या.

“मी एकदा म्हटलं होतं नानांना,” अँब्युलन्सवाला खाली बघत म्हणाला, “की आता वहिनींनाही बोलवा बाहेर. तर म्हणाले, उभं आयुष्य ती दुसऱ्यांसाठी रात्र रात्र जागली, दुपारची झोप तिच्या हाडात मुरलीय. उठवू नको.”

ती जागी असायची. सहा वर्षे, दर रविवारी, छताकडे बघत पडलेली. मित्रांत रमलेत, आपण मध्ये कशाला कडमडायचे, असे म्हणून कूससुद्धा बेताने बदलायची, पलंग करकरू नये म्हणून. पण हे आता कुणाला सांगायचे? ज्याला सांगायचे तो माणूस भिंतीच्या दोन्ही बाजूंना नव्हता.

“आवाज वाढवा जरा,” ती म्हणाली.

चष्मेवाल्याने रिमोट घेतला. आवाजाची पट्टी वाढत वाढत टोकाला गेली. गाड्या समोरून सुसाट गेल्या, आणि खोलीत एक बारीकशी शीळ तेवढी उमटली, किटली तापायला लागल्यासारखी.

“एवढाच?”

“एवढाच, वहिनी. विजेच्या गाड्यांचा एवढाच असतो.”

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने चष्मेवाल्याकडे वळून विचारले, “मघाशी ते बटणाचं झालं, त्यावर हे काय म्हणाले असते?”

चष्मेवाला उठला. मान नानांसारखी तिरकी केली, डोळे बारीक केले, उजवा हात वर नेला. हुबेहूब नाना. तो तसाच उभा राहिला. ओठ हलले, पण शब्द सुचेना. नानांनी बोलून ठेवलेले सगळे त्याला तोंडपाठ होते. आज घडलेल्यावर बोलायला नाना हवे होते. त्याने हात खाली घेतला आणि बसला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “चहा गार झाला. दुसरा टाकते.”

पण ती उठली नाही. निळी गाडी आता शेवटची होती, एकटीच, बाकीच्यांपासून पुष्कळ मागे. इतकी हळू का चाललीय, असे तिने विचारले. बॅटरी पुरवून पुरवून नेतोय, अँब्युलन्सवाल्याने सांगितले. उतार आला की पाय उचलून घेतो, आहे त्या वेगावर गाडी वाहू देतो.

“पोचेल?”

“नंबर नाही यायचा. पण पोचेल, बहुतेक.”

पहिली गाडी पोचली. झेंडा हलला, फवारे उडाले, माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. चष्मेवाल्याने कप गोळा केले आणि निघतो आता, असे पुटपुटला.

“ती निळी आली का?” तिने विचारले.

“शेवटच्याला दाखवत नाहीत, वहिनी. आली असेल एव्हाना.”

“थांबा जरा.”

कप हातात घेऊन चष्मेवाला पुन्हा टेकला. पडद्यावर जिंकणारा घाम पुसत काहीतरी सांगत होता. त्याच्या खांद्यामागे रस्त्याचा जेमतेम वीतभर तुकडा दिसत होता. ती खुर्चीत पुढे सरकली आणि त्या तुकड्याकडे बघत राहिली.