मोंबासाला जाणारं लेबल

मे महिन्यात घाटकोपरच्या अनंतरावांच्या घरी कुणाला बोलायला सवड नसे. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कैऱ्यांचे ढीग पडत, चार बायका विळ्यांवर बसत आणि मोहरीच्या खकाण्याने गल्लीतून जाणारा माणूसही शिंकत जाई. दुपारचा चहा झाला की त्या बायका आपले कप विसळून शेडबाहेरच्या कोनाड्यात पालथे घालत आणि पुन्हा कामाला लागत.

कचेरीतली नोकरी सोडून अनंतरावांनी हा उद्योग मांडला होता. बरणीवर पत्नीचं नाव होतं: 'वसुधा लोणची'. वसुधाबाईंच्या हातांपेक्षा विळीवर बसणाऱ्या धुरपदाचे हात त्यात जास्त राबत, पण आपल्याकडे नाव कुणाचं लागतं हे मी सांगायला नको. धुरपदा टेकडीवरच्या वस्तीत राहायची. गेल्या वर्षी, छप्पन साली, त्या वस्तीने बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा अनंतरावांनी तिच्याकडून पेढा घेऊन खाल्ला होता. स्वतःच्या सुधारकपणाचा हा दाखला ते येईल त्याला ऐकवत.

मुंबईच्या दुकानांत मोठ्या कारखान्यांपुढे त्यांच्या बरण्यांना जागा मिळेना. दिवाळीनंतर शेड बंद करावी लागणार, अशी वेळ आली होती. तेवढ्यात एका ओळखीच्या गृहस्थाबरोबर आफ्रिकेत मोंबासाला गेलेली बरणी तिथल्या दुकानदारांना आवडली, आणि मस्जिद बंदरचे दलाल मार्तंडराव सौदा घेऊन आले. त्यांची अट एकच होती. लेबलावर 'सोवळ्यात केलेले' असं छापायचं, आणि ते उद्या स्वतः येऊन काम पाहणार.

"उद्या बायकांना सुट्टी दे," अनंतराव घरात येऊन वसुधाबाईंना म्हणाले. "शेजारच्या काकूंना सोवळं नेसवून विळीवर बसवू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"आणि लेबल?"

"एका शब्दाने काय बिघडतंय गं?"

"दोन शब्द आहेत. आणि त्यांच्या वरती नाव माझं आहे. खोट्याला मी माझं नाव देणार नाही."

"मग शेडला कुलूप लाव नि चावी तुझ्याकडेच ठेव," म्हणून ते तणतणत बाहेर गेले.

वसुधाबाई तशाच शेडमध्ये गेल्या आणि झालेलं सगळं त्यांनी धुरपदाला सांगितलं. खरं सांगायचं तर शाबासकीची थोडी अपेक्षा होतीच. धुरपदाने विळीवरून मान वर केली नाही.

"लेबल तर तुमी कवाच लावलंय, बाई."

"मी? कुठे?"

"त्या कोनाड्यात. मोंबासाची माणसं कवातरी वाचतील. आमी रोज वाचतो."

वसुधाबाईंनी वळून पाहिलं. कान तुटलेले, टवके उडालेले चार कप. घरात वापरायच्या लायकीचे उरले नाहीत म्हणून त्यांनी स्वतःच ते तिथे ठेवले होते. त्यांना लाज वाटली. "उद्या सुट्टी नाही. सगळ्या या," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मार्तंडराव आले तेव्हा चौघी विळ्यांवर होत्या. अनंतरावांचा चेहरा पडला.

"ही माणसं कोण?" मार्तंडरावांनी विचारलं.

"लोणचं करणारी," वसुधाबाई म्हणाल्या.

"वहिनी, तिकडे माल नुसत्या चवीवर जात नाही, भरवशावर जातो. सोवळं म्हणजे भरवसा. यांना जरा मागच्या बाजूला घ्या."

वसुधाबाई आत गेल्या आणि चहाचं तबक घेऊन आल्या. सगळे कप सारखे होते, पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेले, निळ्या काठाचे. त्यांनी आधी चौघींना चहा दिला आणि मग तबक मार्तंडरावांपुढे धरलं. त्यांचा हात पुढे आला आणि थांबला.

"यांचे कप यातलेच?"

"हो, आजपासून सगळ्यांचे कप हेच. सगळे एकत्रच विसळले जातील. उद्या कुठला कुणाचा ते मलाही सांगता यायचं नाही."

"अशाने तुमचा माल गोदीपर्यंतसुद्धा पोचायचा नाही."

"न पोचो. त्या दोन शब्दांबरोबर माझं नाव बोटीत चढणार नाही."

मार्तंडराव चहा न घेता निघून गेले. अनंतराव डोकं धरून कैऱ्यांच्या पाटीवर बसले. "वाट लावलीस, वसुधा. उद्या यांनाही काम राहणार नाही, त्याचा विचार केलास?"

उत्तर धुरपदाने दिलं. "आमचा इचार आमी करू, मालक. तुमी दुसरा व्यापारी बघा. बोट काय त्या एकट्याच्या बापाची हाय?"

तबकात मार्तंडरावांनी सोडलेला कप अनंतरावांनी उचलला. चहा पार निवला होता. तरी त्यांनी तो सगळा प्याला, आणि कप विसळायला स्वतः मोरीवर गेले.

त्या हंगामात मोंबासाला एकही बरणी गेली नाही. पुढच्या वर्षी गेली का, असं काही वाचक विचारतील. विचारावं, पण त्याआधी उठून आपल्या मोरीशेजारचा कोनाडा एकदा पाहून यावं. तिथे पालथा पडलेला कप कुणाचा आहे?