मागची सीट

विनिताबाई सलग तिसऱ्या दिवशी क्लेमेंटच्या रिक्षात बसल्या, तेही हरेश्वरच्या डोळ्यांदेखत.

बोळिंज नाक्यावर हरेश्वरची रिक्षा रांगेत पहिली होती. शहाण्णव सालापासून, म्हणजे गेली सात वर्षं, बाई त्याच्याच रिक्षाने आगाशीच्या शाळेत शिकवायला जात होत्या. आज त्याला बघताच त्यांनी उगाच पर्स चाचपली आणि सरळ मागच्या रिक्षाकडे गेल्या. सगळ्या नाक्याने पाहिलं. हरेश्वरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

क्लेमेंटनेच कान भरले, याबद्दल त्याला शंका नव्हती. आठवू लागला तसं एकेक जुळत गेलं. महिनाभर बाई बोलेनाशाच झाल्या होत्या. आरशात बघावं, तर दोन्ही हातांनी आडवी दांडी धरून डोळे मिटून बसलेल्या. आपलं तोंडही बघायचं नाही म्हणजे काय! क्लेमेंटने सांगितलं तरी काय असेल? हरेश्वर पितो? आरशातून बायकांकडे बघतो? या शेवटच्या विचाराने तर त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

"क्लेमेंट? तो नाक्यावर कोनाशी बोलत पन नाय," ऑगस्टीन मेकॅनिक म्हणाला. हरेश्वर गाऱ्हाणं सांगत असतानाच ऑगस्टीनने रिक्षाच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला आणि सोडला. रिक्षा वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली.

"एकदा वर येऊन गप बसली पायजे. ही नाचते बघ." मग त्याने चाकाजवळ बोट फिरवून काळं तेल दाखवलं. "मागचे दोनी शॉकअप गेले."

आता हाही! हरेश्वरने डोळे बारीक केले. "तुला काम पायजे, असं सरळ सांग ना. मी दिवसभर चालवतो, मला एक हादरा बसत नाय."

"कसा बसंल? पुढचा शॉकअप तू दिवाळीत नवा टाकलास. मागं बसलायस कधी?"

नव्हता बसला. स्वतःच्या रिक्षात मागे कोण बसतं? ऑगस्टीनने चालवायला घेतली आणि हरेश्वर मागे ऐटीत, पायावर पाय टाकून बसला. पहिल्या गतिरोधकाला त्याचं डोकं वर आपटलं. दुसऱ्याला त्याने दोन्ही हातांनी दांडी धरली. तिसऱ्याला डोळे आपोआप मिटले.

"परत फिरव," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. क्लेमेंट बिचारा काही बोललाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो रांग सोडून बाईंच्या बिल्डिंगखाली जाऊन उभा राहिला.

"बाई, शॉकअप बदलले. एकदा बसून बघा."

विनिताबाई संकोचल्या. "अहो, डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिलाय. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून बोलले नाही."

"सांगायचं ना, बाई."

त्या बसल्या. पहिल्या गतिरोधकावर रिक्षा एकदाच वर आली आणि शांत झाली. हरेश्वर मनातून सुखावला. त्याने हसतच आरशात पाहिलं.

विनिताबाईंनी दोन्ही हातांनी दांडी धरली होती. डोळे मिटलेले होते.

पुढचा गतिरोधक बराच लांब होता. तरी हरेश्वरने आत्तापासूनच वेग कमी केला.