दाखल क्रमांक ४३१७

चारकोपच्या त्या शाळेच्या वाचनालयात दाखल क्रमांक ४३१६ म्हणजे मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तक. ४३१८ म्हणजे जगाचा नकाशासंग्रह, ज्यातला ऑस्ट्रेलिया कुणीतरी फाडून नेला होता. आणि या दोघांच्या मधे, ४३१७ म्हणजे दहावी ब मधली प्रांजल.

याचं मूळ प्रांजलच्या घरातल्या ढोलात होतं.

घर एका खोलीचं. त्यात माणसं पाच आणि ढोल तीन. तिचा चंदरकाका बेंजो पार्टीत होता, आणि पार्टीचं सामान ठेवायला जगात दुसरी जागा नाही यावर पार्टीचं एकमत होतं. सगळ्यात मोठ्या ढोलावर वही ठेवून प्रांजल अभ्यास करायची. उंची अगदी बरोबर होती. फक्त रोज दुपारी दोनला पार्टी सरावाला यायची आणि टेबल वाजायला लागायचं.

"काका, माझी भूमिती आहे त्याच्यावर."

"मग उचल ना गो. लग्नाची ऑर्डर आहे. नवरा काय घोड्यावर बसून तुझी भूमिती ऐकणार?"

सहामाहीला भूमितीत चाळीसपैकी अकरा पडले. काकाला फार वाईट वाटलं. त्या दिवशी त्याने हळू वाजवलं.

शाळा सकाळची, साडेबाराला सुटायची. वाचनालय मात्र साडेपाचपर्यंत उघडं असायचं, कारण वनमालाबाईंची ग्रंथपालाची ड्यूटी साडेपाचपर्यंत. तिथे वाचायला कोणी नसायचं, कारण पर्यवेक्षक तांडेल सरांचा नियम: शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटांनी एकही विद्यार्थी आवारात दिसता कामा नये. नियमाला कारण होतं. मागे एकजण प्रयोगशाळेत सांगाड्याच्या शेजारी झोपलेला सापडला होता, आणि सरांनी घाईघाईत दोघांच्याही पालकांना बोलावून घेतलं होतं.

प्रांजल तीनदा कपाटामागे लपली. तिन्ही वेळा सरांनी तिला दप्तरासकट फाटकाबाहेर पोचवलं. चौथ्या दिवशी बाईंनीच तिला आधी पकडलं.

"घरी काय आहे गं तुझ्या?"

"ढोल."

"किती?"

"तीन."

बाईंनी चष्मा काढून पुसला. तीन पुरेसे होते.

सव्वीस वर्षांत वनमालाबाईंनी एकही नियम मोडला नव्हता, आणि एका मुलीसाठी सुरुवात करण्याचा त्यांचा विचार नव्हता. त्यांनी भिंतीवरची नियमावली शांतपणे वरून खाली वाचली. "विद्यार्थ्याने थांबायचं नाही, हा नियम तीन. वाचनालयाची वस्तू वाचनालयातच राहिली पाहिजे, हा नियम नऊ. खाली सही सरांचीच आहे." मग त्यांनी लाल कापडी बांधणीचं दाखल रजिस्टर उघडलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. शीर्षक: प्रांजल. प्रती: एक. बांधणी: मजबूत. कशी मिळाली: देणगी. शेरा: संदर्भासाठी, घरी नेण्यास मनाई.

"देणगी कोणाकडून, बाई?"

"तो रकाना नंतर भरू. हात पुढे कर."

वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकावर दोन शिक्के असतात. एक पहिल्या पानावर, उघडाच. दुसरा आत कुठल्यातरी ठरलेल्या पानावर, जे फक्त ग्रंथपालाला ठाऊक. त्याला गुप्त पान म्हणतात. चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आपलं आहे हे त्यावरून कळतं. प्रांजलचा पहिला शिक्का तळहातावर बसला. दुसरा बाईंनी डाव्या कोपरावर मारला. "स्वतःचं कोपर कुणी बघत नाही," त्या म्हणाल्या. दर सोमवारी शाई पुन्हा लावायची असं ठरलं.

पहिले दोन दिवस प्रांजलला इतक्या शांततेत अभ्यासच सुचेना. मग तिने बोटांनी बाकावर थोडा ठेका धरला आणि जमलं.

पुढचं बाईंनी शिकवलं. "पुस्तक मागून उघडायचं. मागे सूची असते. पुढून काय, सगळेच उघडतात." मागच्या अकरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यांनीच टाके घालून बांधून ठेवल्या होत्या. त्यात प्रांजलला एकच प्रमेय सात वेळा सापडलं, दरवेळी आकृती फिरवून आणि अक्षरं बदलून, वेश पालटून हिंडणाऱ्या आरोपीसारखं. तिने ते आठव्या वेळेसाठी ओळखून ठेवलं. कंटाळा आला की शेजारची पुस्तकं. मधमाशीची राणी दिवसाला हजारावर अंडी घालते, हे वाचल्यावर पाच माणसांच्या घराबद्दल तिची तक्रार जरा कमी झाली.

जानेवारीत वार्षिक पडताळणी आली. पूर्वपरीक्षा आठ दिवसांवर होती. तांडेल सर रजिस्टर मांडीवर घेऊन बसले आणि एकेक क्रमांक पुकारू लागले. बाई पुस्तक दाखवायच्या, सर खूण करायचे.

"४३१६?"

"ही मधमाशी."

"४३१७?"

"आहे," प्रांजल म्हणाली.

सरांनी मान वर केली. रजिस्टर बघितलं. पुन्हा मान वर केली. आता हे बाहेर काढणार, पुन्हा ढोल, पुन्हा अकरा मार्क, असा हिशेब करून प्रांजल समोरचा डबा भराभर संपवू लागली.

"वनमालाबाई, हे काय आहे?"

"संदर्भग्रंथ."

"ही मुलगी आहे!"

"शिक्का बघा, सर."

सरांनी तळहात बघितला. "आणि गुप्त पान?"

प्रांजलने कोपर पुढे केलं. सरांनी तोही शिक्का नीट तपासला. नोंद खोटी म्हणावी तर रजिस्टर खोटं, आणि त्या रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली त्यांची सही. खरी म्हणावी तर समोरची वस्तू डबा खात होती.

"संदर्भग्रंथ ना?" सर अखेर म्हणाले. "मग बघू या. दहिसर नदी कुठे उगम पावते?"

"मला माहीत नाही, सर."

"झालं तर मग—"

"पण कुठे आहे ते माहीत आहे." ती उठली, तिसऱ्या कपाटातल्या खालच्या फळीवरून जिल्ह्याच्या माहितीचं जाडं पुस्तक काढलं, मागून उघडलं, सूचीवरून बोट फिरवलं आणि पान सरांसमोर धरलं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

सरांनी ते वाचलं. मग पुढचं पान वाचलं. मग खुर्ची जरा खिडकीकडे ओढली आणि आणखी चार पानं वाचली. सर भूगोलच शिकवायचे, पण पर्यवेक्षक झाल्यापासून या खोलीत ते फक्त मोजायला यायचे.

शेवटी त्यांनी ४३१७ समोर खूण केली. प्रांजल श्वास सोडणार तोच त्यांनी शेऱ्यावर पेन टेकवलं.

"घरी नेण्यास मनाई, असं लिहिलंय. मग ही रोज घरी जाते कशी?"

बाईंचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षांनंतर त्या रोज साडेपाचला नियम मोडत होत्या.

"उद्यापासून कोणीतरी सही करून न्यायचं," सर म्हणाले. "आणि सकाळी परत. उशीर चालणार नाही."

म्हणून मग चंदरकाका यायला लागला. पहिल्या दिवशी तो सराव सोडून, गळ्यात ढोलाचा पट्टा तसाच घालून आला. दारात थबकला. आत पुतणी मान खाली घालून लिहीत होती आणि पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

"वाट लागली," तो हळूच म्हणाला. "इकडे असा अभ्यास करतेस तू? नि घरी आम्ही..."

"इथे सही करा," बाई म्हणाल्या. "आणि हा देणगीदाराचा रकाना. तोही राहिलाय."

काकाने लिहिलं: चंदर, बेंजो पार्टी. दुसऱ्या दिवसापासून दोनचा सराव खाडीकडच्या मोकळ्या मैदानात हलला. काही बगळे तिथून कायमचे गेले, असं ऐकिवात आहे.

निकालाच्या दिवशी प्रांजल पेढे घेऊन वाचनालयात आली. भूमितीत चौतीस. ते प्रमेय आठव्यांदा आलं होतं. तांडेल सरांनी 'खाण्यास मनाई' या पाटीखाली उभं राहून दोन पेढे खाल्ले आणि तिसरा खिशात ठेवला.

प्रांजलने घरून येताना काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना, आणि याची सूची कुठल्याच पुस्तकामागे नव्हती. तिने बाही वर सारली आणि डावं कोपर टेबलावर ठेवलं. परीक्षेनंतर शाई पार धुऊन गेली होती.

"अगं, आता कशाला? तू तर चाललीस कॉलेजला."

"हरवले तर कुणाची ते कळायला नको का, बाई?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग शाईचा डबा उघडला आणि शिक्का चांगला दाबून मारला.