मधातला कापूस

भगवंतचं अमरावतीत गादीचं दुकान. गिऱ्हाईक फार तर कोपऱ्याची शिवण उसवतं, दोन बोटं आत घालून चिमूटभर कापूस ओढतं आणि खूश होतं, हे त्याला तीस वर्षं ठाऊक. म्हणून चारी कोपऱ्यांत लांब धाग्याचा पांढराशुभ्र कापूस आणि मध्ये चिंध्या पिंजून काढलेला करडा. शिवलेली गादी म्हणजे झाकली मूठ, असं तो म्हणायचा.

लेकीच्या, मोनालीच्या लग्नासाठी मात्र त्याने चांगला कापूस बाजूला ठेवला होता. ऐनवेळी एक डॉक्टरीणबाई आल्या आणि गादी भरून होईपर्यंत दुकानातच ठाण मांडून बसल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत करडा कसा काढणार? मोनालीचा कापूस त्यांच्या गादीत गेला, आणि मोनालीच्या गादीत नेहमीचा माल. लग्नात विहीणबाई पार्बताबाईंनी कोपरा उसवून पाहिला, चारचौघींत वाहवा केली, तेव्हा हा मिशीतल्या मिशीत हसलाही होता.

वर्षभराने तो अकोल्याला, जुन्या शहरात, लेकीकडे गेला. जेवणानंतर त्याला मोठ्या मानाने त्याच गादीवर आडवं केलं. पाठीखाली नुसते गोळे. तो तसाच उठून बसला.

पार्बताबाईंनी गाऱ्हाणं मांडलं. कापूस एवढा चांगला, स्वतः पाहिलेला. पण सुनेला गादी उन्हात टाकायचा कंटाळा. मग कापूस बसणार नाही तर काय? वर्षभर सांगून त्या थकल्या होत्या. "तुमीच समजावून सांगा हिले," त्या म्हणाल्या.

मोनाली दारात उभी होती. गादीवाल्याची लेक ती. करड्या कापसाला जन्मभर ऊन दिलं तरी तो फुगत नाही, हे तिला न कळण्यासारखं नव्हतं. वर्षभर बोलणी खाल्ली, पण बापाचं नाव काढलं नाही. भगवंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं सांगून टाकावं, असं शंभरदा ओठांवर आलं. पण तोंडातून निघालं ते दुकानातलंच. आठवड्याला ऊन दाखवावं, बाजू पालटावी, काठीने हलकं झोडावं. स्वतःची किळस येत असूनही तो बोलत राहिला, आणि मोनाली मान खाली घालून "हो बाबा" म्हणत राहिली.

निघताना ती ऑटोपर्यंत सोडायला आली. धाकट्या बहिणीचं, शालूचं लग्न ठरलं होतं, त्याची तारीख विचारली. मग वाकून पाया पडली आणि हळूच म्हणाली, "शालूच्या गादीत तरी मधात चांगला कापूस भरजा, बाबा."