राजाच्या तोंडची मराठी

सिनेमातला मेंढपाळ राजापुढं उभा राहून जे बोलतो, ते बोलणं साडेअकरा सेकंदांचं होतं. रागिणीनं त्या साडेअकरा सेकंदांवर सहा दिवस घालवले आणि सातव्या दिवशी पुण्याहून कोमल मॅडमचा मेसेज आला, "खूप छान प्रयत्न. पण भाषा थोडी प्रमाण करू या का?"

साखरा गावातल्या रागिणीच्या घरात नेटवर्क धड येत नसे. घरामागच्या लिंबाखाली खाट टाकली की मोबाइलवर दोन कांड्या यायच्या. तिथंच लॅपटॉप मांडीवर घेऊन ती काम करायची. मेसेज वाचून तिनं लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला आणि "प्रमाण म्हणजे नेमकं कसं?" असं लिहिलं. उत्तर आलं नाही. कांड्याही गेल्या.

काम तिच्याकडं आलं ते अशा रीतीनं. रागिणी मराठीत एम.ए. झालेली, सेनगावच्या एका कॉलेजात तासावर शिकवायची. पुण्याच्या एका कंपनीला जुने इंग्रजी सिनेमे मराठी आवाज घालून मोबाइलवर आणायचे होते. त्यासाठी संवाद लिहिणारी माणसं हवी होती. तिनं अर्ज भरला. पहिलाच सिनेमा मिळाला तो बायबलातल्या गोष्टीवरचा, सत्तर-एक वर्षांपूर्वी अमेरिकेत काढलेला. पावणेचार तासांचा. उंट, रथ, मशाली, हजारोंच्या फौजा. मेंढरं राखणारा एक तरणा पोरगा डोंगराएवढ्या योद्ध्याला गोफणीच्या एका दगडात आडवा करतो आणि पुढं राजा होतो, अशी गोष्ट. वडील काय करतात, या रकान्यात तिनं 'मेंढपाळ' असं लिहिलेलं कंपनीच्या कोमल मॅडमनी वाचलं होतं. पहिल्याच फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "मग तुमच्याइतकं अस्सल दुसरं कोण लिहिणार?"

ते वाक्य रागिणीनं मनावर घेतलं. चूक झाली असेल तर तिथंच झाली.

तिचे वडील ज्ञानबा. साठी उलटलेली, अंगानं वाळकुडे, बोलणं मोजकं. शंभरावर मेंढरं आणि तीन एकर कोरडवाहू. संध्याकाळी मेंढरं आत घेऊन ते हातपाय धुऊन बसले की रागिणी लॅपटॉप त्यांच्यापुढं धरायची. गोफणीचा प्रसंग त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कपाळाला आठ्याच घातल्या.

"किती येळ फिरवून राहिला हा?" ते म्हणाले. "येवढ्यात तर समोरचा येऊन मुंडकं पिळून जाईल. गोफणीला दीड फेरा लई झाला. एक दोरी बोटात, एक चिमटीत. चिमूट सोडायची टाइम कळली पायजे, बास."

"सिनेमा हाय बाबा तो."

"हो, पण दगड तर खरा हाय ना?"

रागिणीची आई चंद्रभागाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. "त्याचे पाय बघा किती गोरे हायेत," त्या म्हणाल्या. "मेंढरामागं फिरणाऱ्याचे पाय हायेत व्हय ते?"

रागिणी हसली. पण त्या रात्रीच्या जेवणानंतर तिनं खरं विचारायचं ते विचारलं. सिनेमात राजा त्या पोराला म्हणतो, तू लेकरू आहेस, तू काय लढणार? आणि पोरगा सांगतो, कळपातलं कोकरू जनावरानं उचललं होतं, ते मी त्याच्या तोंडातून सोडवलं. इंग्रजीत ते फार भरदार होतं. मराठीत तिनं लिहिलेलं सगळं नाटकातल्यासारखं वाटत होतं.

"बाबा, लांडग्यानं कोकरू उचललं तर माणूस काय बोलते?"

"बोलायला टाइम कुठी असते?" ज्ञानबा म्हणाले. "पळावं लागते."

मग ते आपल्या आपणच पुढं बोलायला लागले. रागिणीनं हळूच मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"तू व्हायची व्हतीस. म्या एकलाच व्हतो, डोंगराच्या अंगाला. लांडगं कोकरू धरून वर चढून राहिलं. म्या बी चढलो. पायात काय हाय, काटा हाय का गोटा हाय, काई समजत न्हाई. काठी घातली त्याच्या तोंडावर. सोडलं त्यानं. पण कोकरू मेलं हातातच. तसंच घेऊन आलो खाली, त्याच्या माईपाशी ठेवलं. तिला वास घेऊ द्यावं लागते. न्हाई तर आठ रोज हुडकत राहते ती, चारा खात न्हाई."

ही गोष्ट रागिणीनं सत्तावीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. चंद्रभागाबाईंनीही ऐकली नसावी, कारण भांडी घासता घासता त्यांचा हात थांबला होता.

त्यातूनच तिनं ते साडेअकरा सेकंद लिहिले. नटाचे ओठ जिथं मिटतात तिथं शब्द मिटला पाहिजे, म्हणून एकेक शब्द घासून बसवला. मेंढपाळ राजाला सांगतो की बोलायला वेळ नसतो, पळावं लागतं. आणि कोकरू मेलं तरी त्याच्या आईपाशी न्यावं लागतं. आवाज देणाऱ्या नटाला लय कळावी म्हणून ज्ञानबांचं रेकॉर्डिंगही तिनं सोबत पाठवलं. वर लिहिलं, 'हे माझे वडील आहेत.'

आणि त्यावर 'प्रमाण करू या का' आलं.

दुसऱ्या दिवशी कोमल मॅडमचा फोन लागला. बाई गोड बोलायच्या, तीच मोठी तकलीफ होती. भांडायला काही धरायलाच सापडत नसे.

"रागिणी, मला वैयक्तिक खूप आवडलं. खरंच. पण वरच्या टीमचं म्हणणं आहे की हा पुढं राजा होणार आहे. त्याच्या तोंडी असं... ग्रामीण नको. प्रेक्षकांना पटत नाही."

"मॅडम, तो राजा नंतर होतो. आधी मेंढरंच राखतो ना?"

"बरोबर आहे तुझं. पण एकूण भव्यता बघ ना सिनेमाची. आणि ते कोकरू मरतं, ते मूळ सिनेमात नाहीये."

"ते काढते मी. बाकीचं राहू द्या."

"तू एक प्रमाण व्हर्जन पाठव, आपण दोन्ही दाखवू त्यांना."

तिनं दुसरं लिहून पाठवलं. ते परत आलं. 'कोकरू' ठेवलं होतं, पण 'लांडगं'चं 'हिंस्र श्वापद' केलं होतं. तिनं 'लांडगा' करून पाठवलं; 'श्वापद' होऊन परत आलं. 'धरलं'चं 'ग्रासलं' झालं. तिनं तीन पानी मेल लिहिली, त्यात हेही लिहिलं की आमच्याकडं ग्रासलं म्हणजे आजारानं ग्रासलं. उत्तरात एक हसरा चेहरा आणि हात जोडलेले आले. कॉलेजात तास घेताना तिचं लक्ष लागेना. फळ्यावर 'भाषेची रूपे' असं लिहिलं आणि खडू हातात तसाच धरून ती कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या.

शेवटी मुदत संपत आली तेव्हा तिनं 'श्वापद' मान्य केलं. मान्य केलं म्हणजे उत्तर दिलं नाही.

दीड महिन्यानं सिनेमा आला. चंद्रभागाबाईंनी शेजारी सांगून ठेवलं होतं. ज्ञानबांचे थोरले भाऊ किसनराव आणि त्यांची सून पुनम आली. रविवारची दुपार होती. लाईन होती. पुनमनं मोबाइल टीव्हीला जोडून दिला. ज्ञानबा त्या दिवशी मेंढरं दुसऱ्याकडं सोपवून घरी राहिले होते. इस्त्रीचा सदरा घालून, भिंतीला टेकून बसले होते. असं ते लग्नकार्याशिवाय बसत नसत.

मेंढपाळ राजापुढं आला. "महाराज, त्या हिंस्र श्वापदाच्या जबड्यातून मी कोकरास मुक्त केले," असं कमावलेल्या आवाजात म्हणाला. रागिणीनं मान खाली घातली. किसनराव म्हणाले, "आवाज मस्त हाय." ज्ञानबांना तर ते वाक्य बहुतेक कळलंच नव्हतं.

मग लढाईआधीचा प्रसंग आला. योद्धा टेकडीवरून खाली उतरतो, जमीन हादरते, आणि छावणीतला एक पाणक्या, ढेरपोट्या, तिरळा, सिनेमाभर लोकांना हसवणारा, हातातली घागर टाकून पळत सुटतो. इंग्रजीत तो नुसता ओरडतो. मराठीत तो पळता पळता मागं वळून म्हणाला,

"बोलायला टाइम कुठी असते? पळावं लागते!"

आवाज ज्ञानबांचा नव्हता, पण उतार-चढाव सगळा त्यांचाच होता. 'असते' लांबवायची ती तऱ्हा, 'पळावं'वरचा तो जोर. कुणीतरी ते रेकॉर्डिंग दहादा ऐकून घोटलं होतं. किसनराव मोठ्यानं हसले. पुनम हसली. "हा तर आपल्या इकडचाच हाय की," ती म्हणाली. पुढं तो पाणक्या जिथं जिथं आला तिथं तिथं असाच बोलला, 'काहून', 'न्हाई', 'लई', आणि सगळ्या सिनेमाभर असं बोलणारा तो एकटाच होता.

उठून टीव्ही बंद करावा असं रागिणीला वाटलं, पण सगळे बघत होते.

ज्ञानबा तिच्याकडं वळले. "हे म्या म्हनलं व्हतं ना?"

"व्हय, बाबा."

"मंग हा उलट्या अंगाला काहून पळून राहिला?"

तिनं मान खाली घातली. ते सिनेमा शेवटपर्यंत बघत बसले, गोफणीचा प्रसंग आला तेव्हासुद्धा एक अक्षर बोलले नाहीत. संपल्यावर सदरा काढून खुंटीला टांगला आणि मेंढरांकडं निघून गेले.

मंगळवारी कोमल मॅडमचा फोन आला. "रागिणी, पाणक्या काय हिट झालाय माहितेय का तुला? लोक त्याचे तुकडे एकमेकांना पाठवताहेत. आणखी दोन सिनेमे येताहेत आपल्याकडं. त्यातले जे नोकर आहेत, एक म्हातारी स्वयंपाकीण आहे, ती सगळी तू लिही."

"आणि बाकीची माणसं?"

"ती इथली टीम बघेल."

"मॅडम, ते वाक्य माझ्या वडिलांचं होतं. ते लांडग्याच्या मागं पळाले होते. तुम्ही ते पळपुट्याच्या तोंडी घातलं."

"अगं, लेखकाला असं चिकटून चालत नाही. लोकांना आवडलं ना?"

"मला एक मेंढपाळ द्या. नायक नको, साधा मेंढपाळ. पण माझ्या भाषेत, आणि शहाणा. मग नोकर बी लिहिते."

"विचारते मी," कोमल मॅडम म्हणाल्या.

बुधवार गेला, गुरुवार गेला. रागिणीनं मेसेज केला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. वाक्य काढून टाका अशी मेल तिनं कंपनीच्या तक्रारीच्या पत्त्यावर पाठवली. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' तिनं पुन्हा पाठवली. पुन्हा तेच, शब्दाला शब्द. पुढच्या सोमवारी एका भलत्याच माणसाचा मेसेज आला : स्वयंपाकीण दुसरं कुणी लिहीत आहे, आपल्याला शुभेच्छा.

त्या आठवड्यात एका सकाळी ज्ञानबा कोकरांना जंताचं औषध पाजत होते. रागिणी मदतीला गेली. एक मेंढी आपल्याच कोकराला जवळ येऊ देईना. ते आचळाकडं गेलं की लाथ मारायची. रागिणी बघत राहिली. अशा मेंढीला त्यांच्यात काहीतरी नाव होतं, लहानपणी तिनं ते ऐकलं होतं, पण आठवेना.

"बाबा, अशीला आपल्यात काय म्हनतेत?"

ज्ञानबांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या हातातल्या मोबाइलकडं. "काहून? कुठी धाडायचं हाय?"

"कुठीच न्हाई. मलाच पायजे."

ते मेंढीकडं वळले. रागिणी घरात गेली, मोबाइल फळीवर ठेवला आणि मोकळ्या हातांनी परत आली. तोवर त्यांनी मेंढीला कोपऱ्यात घेऊन तिचं तोंड काखेत दाबून धरलं होतं. कोकरू बाजूला थरथरत उभं होतं.

"तिचे मागचे पाय धर," ते म्हणाले. "गच धर."

तिनं पाय धरले. ज्ञानबांनी कोकराचं तोंड आचळाला लावलं आणि ते पिऊ लागलं. दोघं तशीच वाकून बसली, बराच वेळ. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, त्यांनी कोकराकडं. शब्द काही त्यांनी सांगितला नाही.