मास्तरांचे साठ नमुने

कोड लिहिताना कंस त्याच ओळीत उघडायचा की खालच्या, यावर आमच्या प्रकल्पात आठ वर्षं भांडण चाललं होतं. एका बाजूला मास्तर आणि दुसऱ्या बाजूला उरलेले सगळे.

लोकांच्या गबाळ्या फाइली वाचून त्यातली माहिती नीट काढून देणारं आमचं सॉफ्टवेअर. कोड सगळ्यांना खुला, सुधारणा कोणीही पाठवावी, पगार कोणालाच नाही. आलेलं तपासून आत घ्यायचं काम माझं आणि मास्तरांचं. मास्तरांना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांचा शेरा मात्र रोज दिसायचा, "इथे दोन जागा सोडा." नवखा बिचारा दुरुस्त करून पाठवायचा, की पुन्हा शेरा. तिसऱ्यांदा तो इकडे फिरकायचाच नाही. त्याची समजूत काढायची मी, ऑफिसात जेवताना, एका हाताने घास घेत आणि दुसऱ्याने टाइप करत.

"फुकटचं काम, आणि वर मनस्ताप," ताई म्हणायची. आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो, ती घरीच शिवणकाम करते. "सोडून दे ना एकदाचं."

सोडवत नव्हतं. आणि मास्तर गेले तर प्रकल्प बसलाच, हेही ठाऊक होतं. जुना अर्धा कोड त्यांच्याशिवाय कोणाला कळत नव्हता. मला भांडण नको होतं, मास्तर हवेच होते.

म्हणून मी फॉरमॅटर आणला. हा प्रोग्राम सगळ्या फाइली एकाच साच्यात बसवतो, कोणाची आवडनिवड विचारत नाही. एका रविवारी सकाळी तो सगळीकडे फिरवला. सहाशे फाइली बदलल्या, सॉफ्टवेअर नीट चालतंय ना हे आपोआप तपासणाऱ्या चाचण्या सगळ्या पास. वर नियम लिहिला: यापुढे मोकळ्या जागा, कंस, ओळी यांबद्दल कोणीही शेरा मारायचा नाही. कोणीही म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं.

मास्तरांचं उत्तर आलं, "ठीक."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणत मी त्या दुपारी चक्क झोपले.

पाच आठवडे शांततेत गेले. नवी आवृत्ती बाहेर पडली आणि तक्रारींची रीघ लागली. गबाळ्या फाइली वाचताच येईनात. कोणाच्या तरी सुधारणेत चूक होती, पण चाचण्यांनी ती पकडली कशी नाही? शेवटी चाचण्यांच्या नमुना फाइली उघडल्या. साठ नमुने, मास्तरांनी लोकांच्या तक्रारींतून एकेक करून जमवलेले, मुद्दाम वेडेवाकडे ठेवलेले. फॉरमॅटरने तेही सरळ करून टाकले होते. सरळ फाइल कोणालाही वाचता येते, मग चाचणी पास होणारच. नमुने वगळायला मीच विसरले होते. मी कपाळावर हात मारला.

"मास्तर, नमुने बिघडलेत," मी लिहिलं. "तुमच्या लक्षात आलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"मोकळ्या जागांबद्दल बोलायचं नाही, असं तुम्हीच लिहिलंत."

संताप आला. एवढा मोठा माणूस आणि असा रुसवा! पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. ताईला वाचून दाखवलं. तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "तुम्ही लोकांनी तरी त्यांना कामाशिवाय दुसरं काही कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. त्यांच्या घरी कोण आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. नियम खोडला, माफी मागितली, तुमच्याशिवाय जमणार नाही असं स्पष्ट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साठही नमुने परत आले, होते तसे वेडेवाकडे. प्रत्येकाखाली कोणाची तक्रार, कधीची, ही नोंद. सोबत जुन्या कोडची चाळीस पानी माहिती, कोणालाही समजेल अशी. एका रात्रीत लिहिलेली ती नक्कीच नव्हती.

खाली आणखी एक सुधारणा होती, प्रकल्पाची देखभाल करणाऱ्यांच्या, म्हणजे आम्हा दोघांच्या, यादीतून त्यांचं नाव काढणारी. एकाच ओळीची. फॉरमॅटरला तिच्यात बदलण्यासारखं काही सापडलं नाही. आता ती तपासून आत घेणारी मी एकटीच उरले होते.