बकआय खोऱ्यातला शेवटचा मेळा

मी डल्सिमर बोलतोय. मांडीवर आडवं घेऊन छेडायचं, तीन तारांचं, लांबट वाद्य. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, बकआय खोऱ्यात, घरटी माझा एखादा भाऊबंद असायचाच. ओटिस मलिन्स या सुताराने मला अक्रोडाच्या फळीतून घडवलं आणि थोरल्या लेकीच्या, डेल्फियाच्या मांडीवर ठेवलं. तिचा धाकटा भाऊ रॉस्को शेजारी बसून गायचा. त्याचा गळा आपल्यापेक्षा गोड आहे, हे डेल्फिया स्वतःच सगळ्यांना सांगायची.

मोठेपणी रॉस्को कोळशाच्या खाणीवर लागला. त्यात नवल नव्हतं. ओटिसचे भाऊही जन्मभर जमिनीखाली उतरले होते. पण आता कंपनीला खाली उतरायचंच नव्हतं. डोंगराचा माथा सुरुंगांनी उडवायचा, दगडमाती ओढ्यात लोटायची आणि कोळसा वरून उचलायचा. रॉस्को सुरुंग भरायचा. स्फोट झाला की भिंतीवरचा मी, कुणी हात न लावता, झणकायचो. डेल्फियाच्या विहिरीला काळं पाणी येऊ लागलं.

मग डोंगर वाचावा म्हणून तिने दर उन्हाळ्यात चर्चच्या पटांगणात गाण्यांचा मेळा भरवायला सुरुवात केली. मुलांनी डोंगराची चित्रं रंगवली. बायकांनी बुजलेल्या ओढ्यांची नावं गोधड्यांवर शिवली. घेवड्याची आमटी आणि मक्याची भाकर सगळ्यांना. पहिल्या वर्षी बसायला जागा उरली नाही.

रस्त्यापलीकडे मात्र खाणीवरची माणसं ट्रक उभे करून भोंगे वाजवत होती. त्यांत रॉस्कोही होता. आमची चूल याच कोळशावर पेटते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. डेल्फिया वाजवत राहिली. माझा आवाज मुळात नाजूक. त्या गोंगाटात माझाच सूर मला ऐकू येईना. त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं तुटलं.

पुढे कंपनी एकेक घर विकत घेत गेली. शेजारी सामान बांधायचे, डेल्फियाला मिठी मारायचे, पुढच्या मेळ्याला नक्की येतो म्हणायचे. मनापासून म्हणायचे. आले फार थोडे. ती मात्र खुर्च्या तेवढ्याच मांडायची.

एका वर्षी कुणीच आलं नाही. भोंगेही नव्हते, डोंगर संपला तशी कंपनीही निघून गेली होती. डेल्फियाने मला मांडीवर घेतलं आणि ओळीने मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवायला लागली. इतका एकटा सूर मी कधी काढला नव्हता.

दुसरं गाणं चालू असताना रॉस्को आला आणि मागच्या रांगेत बसला. इतक्या मागे का, असं तिने दोनदा विचारलं. त्याने कानाकडे बोट केलं.

"ऐकू येत नाही, डेल्फी. सुरुंगांनी दोन्ही कान नेले."

"मग इथवर कशाला आलास?"

ते त्याला ओठांवरून कळलं असावं. "तू एकटीच बसली असशील, वाटलं."

ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याचा तळवा माझ्या लाकडावर ठेवला आणि वाजवू लागली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हे आईचं गाणं." आणि गाऊ लागला. पार बेसूर. त्याला ते कळत नव्हतं. डेल्फियाने त्याला थांबवलं नाही. तो जिकडे भरकटेल तिकडे ती मला घेऊन गेली.

गेल्या हिवाळ्यात डेल्फिया वारली. आता मी रॉस्कोकडे असतो. संध्याकाळी तो मला मांडीवर घेतो, तळवा टेकवतो आणि वाट बघतो. त्याला वाजवता येत नाही, मला आपण होऊन बोलता येत नाही.

या खोऱ्यात कधी आलात तर आमच्या पायरीवर जरा टेका. गाणं येत नसलं तरी चालेल. एक तार छेडा. त्याला कळेल.